एका हाताने उघडणारे झाकण

खोडाळ्याच्या शाळेतील संगणकाच्या खोलीत चार माणसे एका टेबलाभोवती उभी होती आणि टेबलावर संगणकाची राखाडी पत्र्याची एक उभी पेटी होती. तिच्या झाकणावरून पांढऱ्या कागदाची पट्टी वरून खाली गेली होती आणि पुढे वळून पाठीमागे. पट्टीवर सह्या होत्या, शाळेचा गोल शिक्का होता, आणि जिथे झाकण पेटीला मिळत होते तिथे लाल लाखेचे जाड ठिपके होते. खिडकीतून कापणीला आलेल्या भाताचा सुका, गोडसर वास येत होता. उमेशची नजर त्या लाखेवरून हलत नव्हती.

वसईहून आलेले राऊत वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पट्टीवरची तारीख वाचली.

"ही तर जूनची तारीख आहे."

"जूनचीच," गोकुळ भोये गुरुजी म्हणाले. ते या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि उमेशचे वडील. "शाळा उघडली त्याच आठवड्यात सगळं केलं. रीतसर, पंचांसमोर."

ती तारीख उमेशच्या एकट्याच्या अंगावर आली. आता ऑक्टोबर चालू होता. ज्या झाकणाची एकच परीक्षा होती, की माणसे ते उघडतात की नाही, ते झाकण सगळा पावसाळा लाखेखाली होते.

जव्हारच्या एसटी स्टँडमागे उमेशचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. डिप्लोमा करून तो परत आला तेव्हा डोंगरातल्या शाळांना नुकतेच संगणक मिळू लागले होते. कोणी संस्था देई, कोणी बँक देई. देणारे हार घालून घेत, फोटो काढून घेत आणि घाट उतरून निघून जात. मग पाऊस येई. पावसाबरोबर मुंग्या वर चढत. ओल्या जमिनीतून निघालेल्या मुंग्यांना त्या पेट्यांच्या आतली ऊब कशी कळे कोण जाणे, पण त्या आपली पांढरी अंडी तोंडात धरून रांगेने आत जात आणि सर्किटच्या हिरव्या पाटीवर, त्या बारीक चंदेरी रस्त्यांच्या गावात, वस्ती करून राहत. संगणक बंद पडे. शाळेतून निरोप येई. उमेश जीपच्या मागच्या फळीवर बसून, गुडघ्यांत पिशवी धरून, कधी दाभोशाला, कधी खोडाळ्याला जाई. काम म्हणाल तर झाकण काढायचे, ब्रशने झाडायचे, झाकण लावायचे. झाडायला जितका वेळ लागे त्याच्या कितीतरी पट वेळ उघडण्यात जाई. पाठीमागचे स्क्रू, गंजलेले. मग ते सगळे एकसंध कवच मागे ओढायचे, तर ते अडणार. जोर लावला तर पत्र्याची कच्ची कड बोटात शिरणार.

खोडाळ्याच्या शाळेत संगणक शिकवायला हर्षाली वारघडे नावाच्या बाई होत्या. मोखाड्याच्याच, धीट. एकदा त्यांनी उमेशची वाट न पाहता स्वतःच पेटी उघडली. सगळे झाडून, पुसून नीट लावले. एक स्क्रू मात्र आत पडला होता. बटण दाबल्यावर चट्कन आवाज झाला आणि पाठीमागच्या जाळीतून धुराची एक बारीक वेल वर गेली. कोणी त्यांना रागावले नाही. पण पुढे जेव्हा उमेश तिथे गेला, तेव्हा त्याने पाहिले की बाई संगणक चालू करताना बटणाला बोट लावत नाहीत. हात लांब करून पेन्सिलीच्या टोकाने दाबतात.

उमेशला ती पेन्सिल सहन झाली नाही. शिकलेल्या, शिकवणाऱ्या माणसाने एका पत्र्याच्या पेटीपासून पेन्सिलीच्या अंतरावर उभे राहावे, यात त्याला काहीतरी अपमानकारक दिसले. बाईंचा की पेटीचा, हे त्याला सांगता आले नसते. परतीच्या जीपमध्ये तो विचार करत राहिला की प्रत्येक वस्तूला एक आत असते आणि एक बाहेर, आणि या दोहोंमधली जी सीमा, तिचे नाव झाकण. ती सीमा कोणी ओलांडायची हे स्क्रू ठरवतो. ज्याच्याकडे पेचकस त्याला आत प्रवेश. बाकीच्यांनी बाहेर उभे राहायचे.

त्याने पहिले झाकण मॉनिटरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे केले. दुसरे पत्र्याचे, जव्हारच्या बाजारात लग्नाच्या ट्रंका करणाऱ्याकडून वाकवून घेतले. ते पंख्याच्या कंपनाने असे थडथडू लागले की शेजारचा टेलर विचारायला आला, आत काय कोंडलं आहेस. मग त्याने कडांच्या आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली आणि आवाज मेला. शेवटी जे उतरले ते असे होते: पेटीची एक बाजू आणि माथा मिळून पत्र्याचा एकच वाकवलेला तुकडा. खालची कड पेटीच्या पत्र्याच्या दोन वळवलेल्या ओठांवर नुसती टेकलेली. वरची कड स्प्रिंगच्या पातळ पट्टीने धरलेली. अंगठ्याने पट्टी दाबायची, झाकण आपल्याकडे कलते करायचे आणि उचलायचे. सगळ्या कडा आत दुमडलेल्या, लहान मुलाने हात फिरवला तरी ओरखडा येऊ नये अशा. स्क्रू एकही नाही. हवेसाठीची भोके खाली, जाळी लावलेली. ते झाकण पहिल्यांदा हातात आले तेव्हा उमेश दुकानाचा दरवाजा लोटून बराच वेळ ते लावत आणि काढत बसला. एखादी ओळ जमली की माणूस ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहतो, तसे.

ती पेटी मांडीवर घेऊन तो एसटीने वसईला गेला. राऊतांचा तिथे मीटरच्या आणि संगणकाच्या पेट्यांचा कारखाना होता. त्यांनी अंगठा दाबला, झाकण उचलले, परत लावले, परत उचलले.

"मस्त आहे," ते म्हणाले होते. "पण दुकानात सगळंच उघडतं हो. तुम्ही असं करा, एखाद्या शाळेत पावसाळाभर ठेवा. तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसांनी उघडली, झाडली, परत लावली आणि वर संगणक चालत राहिला, तर मी साचा पाडतो. पावसाळा संपला की स्वतः येऊन बघेन."

उमेशने खोडाळ्याची शाळा निवडली. तिथे हर्षाली बाई होत्या, पेन्सिल होती, आणि वडील होते. जूनमध्ये त्याने जुन्या पेटीतले सगळे अवयव काढून नव्या पेटीत बसवले, बाईंना झाकण उघडून दाखवले, त्यांच्याकडून उघडून घेतले. बाई हसल्या होत्या. "एवढंच?" असे म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून खोडाळ्याहून दुरुस्तीचे एकही बोलावणे आले नाही. पाऊस कोसळत राहिला, दाभोशाहून निरोप येत राहिले, आणि खोडाळ्याची शांतता उमेशच्या मनात हळूहळू एखाद्या यशासारखी साठत गेली. शनिवारी वडील जामसरच्या घरी येत. जेवताना तो सहज विचारल्यासारखे विचारी, "संगणक कसा आहे, बाबा?" आणि ते म्हणत, "व्यवस्थित."

तो शब्द आता टेबलावर होता, लाखेसकट.

"मला एक कळत नाही," राऊत म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. लांबून आलेल्या माणसाचा थकवा होता. "हे सील कशासाठी, गुरुजी?"

गुरुजींनी राऊतांकडे असे पाहिले, जसे एखाद्या मुलाने साधा पाढा विचारावा. "एका हातानं उघडतं ना ते?"

"म्हणूनच तर बनवलंय."

"म्हणूनच तर सील केलं."

दारात उभा असलेला शिपाई सोम्या याला राहवले नाही. "लाख मीच वितळवली, साहेब. हात पोळला माझा. तां काय कुठं लिहिलां नाय गुरुजींनी."

"सोम्या."

"नाय, मी आपलां सांगतो. पंच म्हणून माझी सही हाय ना त्याच्यावर. मधली. वळणदार हाय ती."

हर्षाली बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तिसरी सही त्यांची होती.

उमेशला आता सगळे लख्ख दिसू लागले, आणि ते इतके सरळ होते की आपल्याला आधी कसे सुचले नाही याचेच त्याला नवल वाटले. गोकुळ गुरुजींचे सगळे आयुष्य दोन गोष्टींत गेले होते: फळ्यासमोर आणि मतपेटीमागे. तालुक्यातली कोणतीही निवडणूक असो, सगळ्यात आतले, गाडी न पोचणारे केंद्र भोये गुरुजींना ठरलेले. पत्र्याची पेटी, तिचे झाकण, दोरा, कागदी मोहोर, लाख, केंद्राध्यक्षाची सही. डोक्यावर पेटी घेतलेला माणूस पुढे आणि पेटीवरची नजर न काढता चालणारे गुरुजी मागे, असे ते नदीनाले ओलांडत आले होते. त्यांच्या केंद्रावर फेरमतदान कधी झाले नाही. घरी ही गोष्ट देवाच्या नावासारखी सांगितली जाई. अशा माणसासमोर मुलाने एक पत्र्याची पेटी आणून ठेवली आणि अभिमानाने सांगितले की हिचे झाकण कोणीही, केव्हाही, एका हाताने उघडू शकतो. मुलाला त्यात मोकळीक दिसत होती. वडिलांना सील नसलेली मतपेटी दिसली.

"असं बघा," गुरुजी समजावून सांगू लागले. वर्गात समजावावे तसे, एक बोट हवेत धरून. "पहिली पेटी होती तिला स्क्रू होते. स्क्रू काढायला वेळ लागतो. वेळ लागतो म्हणजे माणूस सापडतो. हिला काही नाही. मधल्या सुट्टीत कुणी पोरानं अंगठा दाबला, आतलं काही काढलं, लावून टाकलं. दिसणारसुद्धा नाही. मग जबाबदार कोण? वस्तू माझ्या ताब्यात आहे. आणि दुसरं," ते उमेशकडे न पाहता म्हणाले, "ती याची वस्तू आहे. पहिली. तुम्ही बघायला येणार होतात. पावसाळाभर जपून ठेवली. ओरखडा दाखवा एक."

ओरखडा खरोखरच नव्हता. पेटी दुकानातून निघाली तेव्हा होती तशी, तिच्यात खिडकीची चौकट दिसेल इतकी स्वच्छ होती.

"मतमोजणी कधी मग?" राऊत म्हणाले.

सोम्या खुदकन हसला. गुरुजी हसले नाहीत. "तुम्ही म्हणाल तेव्हा. पंच हजर आहेत. फक्त आधी सील अबाधित असल्याची खात्री करून घ्या. तुम्हीच करा. तुम्ही बाहेरचे."

राऊतांनी उमेशकडे पाहिले. उमेशने नजर खाली घातली. मग त्या मोठ्या कारखानदाराने, काय वाटले कोण जाणे, खरोखर वाकून लाखेचा एकेक ठिपका पाहिला, पट्टीवरून बोट फिरवले आणि गंभीरपणे मान हलवली. "अबाधित."

"बाई?"

"अबाधित," हर्षाली बाई हळूच म्हणाल्या.

"माझी सही शाबूत हाय," सोम्या म्हणाला.

गुरुजींनी खिशातून पाते काढले आणि पट्टी कापली. कागद फाटल्याचा आवाजही होऊ न देता, शिवण उसवावी तसा त्यांचा हात चालला. त्या हातांकडे पाहताना उमेशला पूर्वी कधी न आलेला एक विचार आला: आपल्याला कडा दुमडण्याची जी आवड आहे, ती इथूनच आली असणार. गुरुजींनी लाखेचे ठिपके उचकटून कागदाच्या तुकड्यावर गोळा केले आणि बाजूला सरकून ते म्हणाले, "हं. उघड."

उमेशने अंगठा ठेवला आणि दाबले. स्प्रिंगची पट्टी हलली नाही. त्याने पुन्हा दाबले. लाख पातळ असताना आत ओघळली होती आणि स्प्रिंग तिच्यात रुतून बसली होती. राऊत पाहत होते. एका हाताने उघडणाऱ्या झाकणाला उमेशने दुसरा हात लावला, मग सोम्याने पेटी धरली, मग बाईंनी टेबल धरले. गुरुजींनी पाते पुढे केले. उमेशने ते फटीत घालून लाख खरवडली. कपाळावरचा घाम पत्र्यावर टपकला.

"जीवच घेतलान हो हिनं," सोम्या म्हणाला. "मी सांगत होतो, लाख जास्त झाली."

"तू सांगत होतास की हात पोळला."

"तेपण सांगत होतो."

खट् आवाज झाला आणि झाकण सुटले. सुटल्यावर मात्र ते जसे यायचे तसेच आले. कललेले, हलके, आज्ञाधारक. उमेशने ते छातीशी धरले. सगळे आत डोकावले.

आत एकही मुंगी नव्हती. अंड्यांचा पांढरा दाणा नव्हता, पालीची लेंडी नव्हती, कोळिष्टक नव्हते. हिरवी पाटी नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ होती. तारांच्या वेटोळ्यांवर ओलीचा डाग नव्हता की गंजाचा ठिपका. राऊतांच्या चेहऱ्यावर उमेशने आजपर्यंत न पाहिलेले काहीतरी उजळले.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "हे काय आहे, उमेशराव? मी वसईतल्या ऑफिसांतून पेट्या उघडल्यात. एका पावसाळ्यात आत जंगल होतं. इथं, या डोंगरात, एक मुंगी नाही?"

"सील होतं ना," गुरुजी म्हणाले.

"तेच म्हणतोय मी!" राऊतांनी टेबलावर हात आपटला. "आपण उलटा विचार करत होतो. शाळांना उघडणारी पेटी नकोच आहे. उघडली की बिघडली. शाळांना हवी न उघडणारी. तुमचं झाकण उत्तम आहे. कडा उत्तम, रबराची पट्टी उत्तम, धूळ जात नाही, मुंगी जात नाही. फक्त ती स्प्रिंग काढा. तिथं रिव्हेट मारू. एकदा बसलं की बसलं. उघडायची ती कंपनीच उघडेल. मी याचा साचा पाडतो. पेटीवर नाव तुमचं टाकू. जव्हार, मोखाडा, सगळीकडे जाईल ही."

गुरुजींची मान ताठ झाली आणि पांढऱ्या सदऱ्यातली त्यांची किरकोळ छाती किंचित भरली. मुलाचे नाव पेटीवर येणार होते, आणि त्यात आपल्या लाखेचा वाटा होता. त्यांनी उमेशकडे पाहिले. त्या पाहण्यात इतका निखळ आनंद होता की उमेशला मान वळवावी लागली.

मान वळली ती पेटीच्या आत. तिथे पंखा होता. काळ्या पात्यांचा, तळहाताएवढा. उमेश त्याच्याकडे पाहत राहिला. ज्याने वर्षानुवर्षे अशा पेट्या झाडल्या आहेत, त्याला पंखा हा काळाच्या खुणेसारखा वाचता येतो. पंखा फिरला की हवा ओढतो. हवेबरोबर खोलीतले सगळे ओढतो. आणि ही खोली शाळेची होती, खडूची होती. जाळी लावली, रबर लावले तरी आठवडाभर चाललेल्या पंख्याच्या पात्यांच्या कडेला राखेसारखी एक बारीक रेघ बसते. इथे रेघ नव्हती. पात्यांवर जूनमध्ये पुसताना राहिलेले त्याच्याच बोटांचे ठसे होते.

मुंग्या उबेसाठी येतात. इथे ऊब नव्हतीच.

त्याने वर पाहिले. पेटीच्या पुढच्या बाजूला, बटणावरूनही कागदाची एक लहान चौकोनी पट्टी चिकटवलेली होती. सगळे झाकणाकडे पाहत असल्यामुळे ती कोणाच्या नजरेत आली नव्हती. आणि समोरच्या भिंतीवर, फळ्याच्या खाली, मुलांच्या उंचीला, कोणीतरी पांढऱ्या रंगाने कळफलक रंगवला होता. अक्षरे, अंक, खाली लांब पट्टी. मधली काही अक्षरे बोटांनी पुसट झाली होती. सगळा पावसाळा मुलांनी भिंतीवर टंकलेखन केले होते.

हर्षाली बाईंनी त्याला भिंतीकडे पाहताना पाहिले. त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केले. त्यांच्या सहीच्या वर मुख्याध्यापकांची सही होती आणि त्यांची नोकरी अजून कच्ची होती. उमेशला ते माहीत होते, आणि त्यांच्यावर त्याचा राग नव्हता. खरे तर राग कोणावरच नव्हता. वडिलांच्या मनातली साखळी त्याला कडीकडीने दिसत होती: चालू केला तर बिघडेल, बिघडला तर उघडावा लागेल, उघडला तर सील तुटेल, म्हणून चालूच करू नये. तिच्यात एकही कडी वेडेपणाची नव्हती, आणि सगळी मिळून तिने एका संगणकाचा मुडदा इतका सुरेख जपला होता की पाहणाऱ्याला तो जिवंत वाटावा.

"काय उमेशराव?" राऊत म्हणाले. "बोला की. स्प्रिंगचा मोह सोडवत नाही ना? सुटतो हळूहळू. धंदा आहे."

"विचार करतोय."

"विचार काय करायचा त्यात? निकाल समोर आहे. पेटी बंद राहिली, पावसाळाभर संगणक चालला, आत मुंगी नाही."

सोम्याने तोंड उघडले, गुरुजींकडे पाहिले आणि मिटले. राऊत पत्रा जाणणारे होते. पंखा त्यांना वाचता येत नव्हता. बटणावरचा चौकोन त्यांना कागदाचा एखादा बिल्ला वाटला असावा.

उमेशच्या हातात झाकण होते. त्याने काहीच केले नाही तर सगळे होणार होते. वसईत साचा पडेल, रिव्हेट बसतील, आणि त्याच्या नावाच्या पेट्या जीपच्या टपावर बांधलेल्या अशा दाभोशाला, जामसरला, घाटातल्या प्रत्येक शाळेत जातील. त्या चालू होतील, तापतील. मुंग्यांना फट सापडेल, त्यांना नेहमीच सापडते. आणि मग त्या कोणालाही उघडता येणार नाहीत. बाईंना नाही, खुद्द उमेशलाही नाही. पेन्सिलीचे अंतर होते तेवढेही उरणार नाही. आणि त्याने तोंड उघडून सांगितले, की राऊतसाहेब, हा संगणक चाललाच नाही, तर तो एका परक्या माणसासमोर, शिपायासमोर, हाताखालच्या शिक्षिकेसमोर आपल्या बापाचे सील तोडणार होता. पाच मिनिटांपूर्वी ज्या चेहऱ्यावर आनंद होता त्या चेहऱ्याचे.

तिसरी वाट एकच होती. गोकुळ भोये खोटे बोलत नाहीत. हे उमेशला शाळेच्या या इमारतीइतके ठाऊक होते. रानातल्या केंद्रावर, जिथे विचारायला कोणी नव्हते, तिथेही ज्या माणसाने बाद मताला बाद म्हटले, तो इथेही म्हणेल. स्वतःच्या तोंडाने सांगितले तर ते सांगणे त्यांचे राहील. ती तक्रार होणार नाही. कदाचित सांगताना त्यांनाच दिसेल की आपण काय जपले. उमेशने ही आशा क्षणभर तळहातावर घेऊन पाहिली. ती फार जड नव्हती.

त्याने झाकण टेबलावर आडवे ठेवले. बटणावरच्या कागदी चौकोनावर बोट टेकले, म्हणजे राऊतांनाही तो दिसावा.

"बाबा," तो म्हणाला. आवाज त्याला वाटले होते त्यापेक्षा शांत निघाला. "जूनपासून हा संगणक एकदा तरी चालू केला होता का?"

राऊत बोटाच्या दिशेने वाकले आणि तसेच थबकले. शेजारच्या वर्गात मुले कविता म्हणत होती. बाई नसल्यामुळे एकच कडवे पुन्हा पुन्हा.

गुरुजींनी उमेशकडे पाहिले. त्या नजरेत आधी काही नव्हते, नुसते ऐकणे होते. मग प्रश्न आत पोचला. त्यांनी राऊतांकडे पाहिले, मग भिंतीवरच्या पुसट अक्षरांकडे, जणू ती त्यांनी आजच पाहिली. त्यांना खोटे बोलता येत नव्हते आणि या पेटीला बाद म्हणवतही नव्हते, हे उमेशला दिसले. गुरुजींनी हातातले पाते मिटून खिशात ठेवले, सदऱ्याची पुढची घडी सरळ केली, आणि सोम्याच्या शेजारून, त्याला बाजूला व्हायला न सांगता, दारातून बाहेर गेले. ओसरीवर त्यांनी चपला पायांत सरकवल्या. मग पायऱ्या उतरून, उन्हाने पांढरे पडलेले मैदान ओलांडत, ते फाटकाकडे चालू लागले.